घरी येणारी पॅलिएटिव्ह केअर घेतली, तिचा अनुभव आणि इच्छामरणाच्या वादाबद्दल जे वाटतं ते

मावशीच्या शेवटच्या आजारपणात आम्ही घरी येणारी पॅलिएटिव्ह केअर सेवा घेतली होती, तिच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. या सेवेत डॉक्टर, नर्स आणि समुपदेशक घरी येऊन पेशंटला बघतात, आजार बरा करायला नाही तर त्याचा त्रास कमी करायला, कारण बरं होण्याची वेळ निघून गेलेली असते. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाहीये. काही तक्रारी लिहायच्यात, आणि त्या एका संस्थेपुरत्या आहेत असं मला वाटत नाही.

माझं मत आधीच सांगते, पाचपैकी चार. घरात पुढे गेलेला कॅन्सर असेल, मोटर न्यूरॉनचा आजार असेल (स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होतात तो), हार्ट किंवा किडनी फेल्युअरचा शेवटचा टप्पा असेल तर ही सेवा घ्याच, आणि लवकर घ्या. "आता आमच्या हातात काही नाही" हे ऐकेपर्यंत थांबू नका, बहुतेक जण तेव्हाच फोन करतात आणि मग हाताशी थोडेच दिवस उरलेले असतात.

आणि लिहायचं दुसरं कारण म्हणजे मावशीने मरण मागितलं होतं, एकदा नाही, बरेचदा. त्यामुळे असाध्य आजार असलेल्या माणसाला स्वतःच्या इच्छेने, डॉक्टरच्या मदतीने मरायची कायद्याने परवानगी असावी का, हा वाद आमच्या घरात पुस्तकी राहिला नाही. मी आधीपासून अशा कायद्याच्या बाजूने होते आणि आजही आहे, पण ज्या कारणांनी होते ती बरीच बदलली, आणि ती या सेवेमुळे बदलली.

पहिल्या भेटीला डॉक्टर मॅडम आणि एक सिस्टर आल्या. मला वाटलं फाइल बघतील, बीपी घेतील, औषधं लिहून जातील. त्यांनी फाइल उघडलीच नाही आधी. पलंगाजवळ खुर्ची ओढून बसल्या आणि मावशीला विचारलं, तुम्हाला काय म्हणून हाक मारू? मावशी जन्मभर शिक्षिका, ती म्हणाली बाई म्हणा. हॉस्पिटलात सगळे तिला आजी आजी करायचे आणि तिला ते बिलकूल आवडायचं नाही, पण विचारलं कोणी होतं? मग विचारलं की आजाराबद्दल तुम्हाला किती माहितीये, किती सांगितलेलं चालेल, आणि सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय. मी उत्तर द्यायला गेले तर मॅडमनी हातानेच थांबवलं, त्यांना बोलू द्या म्हणाल्या. दुखणं, मळमळ, धाप, थकवा, झोप, उदासी, काळजी, प्रत्येकाला शून्य ते दहा आकडा द्यायचा. मावशीने दुखण्याला नऊ दिले आणि काळजीला दहा दिले. त्या दहाबद्दल मॅडमनी तेव्हा काहीच विचारलं नाही, फक्त लिहून घेतलं, पण पुढच्या भेटीत आल्या आल्या तिथूनच सुरुवात केली.

मावशीला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, लिव्हरपर्यंत पोचलेला. या कॅन्सरची कळ पोटातून थेट पाठीत जाते, माणूस सरळ आडवा झोपू शकत नाही, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं, म्हणून ती रात्ररात्र उशी पोटाशी धरून बसून असायची. तिला आधी दिलेल्या गोळ्या दुखल्यावर घ्यायच्या होत्या. मॅडमनी पहिलं हे बदललं. तोंडाने घ्यायचं साधं मॉर्फिन, दर चार तासांनी, घड्याळ लावून, दुखो न दुखो, आणि मधेच कळ आली तर वेगळा जादा डोस, तो कधी आणि का घेतला हे वहीत लिहायचं. दोन दिवसांनी वही बघून मूळ डोस वाढवला. त्यांनी सांगितलं की आग लागल्यावर पाणी शोधण्यापेक्षा ती लागूच नये हे बघायचं, आणि वेदनेचं सगळं गणितच तसं आहे.

मॉर्फिन म्हटल्यावर घरात जी घबराट झाली ती लिहायलाच पाहिजे कारण सगळ्यांच्याच घरात होते. मामा म्हणाला व्यसन लागेल. शेजारच्या काकू म्हणाल्या मॉर्फिन सुरू केलं म्हणजे आता संपलंच. माझी स्वतःची भीती वेगळी, की जास्त झालं तर श्वास थांबेल. मॅडमनी तिघांनाही एकत्र बसवून समजावलं. दुखण्यासाठी मोजून, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन आणि नशेसाठी घेतलेलं यात फरक आहे, डोस नीट वाढवत नेला तर श्वास थांबायची भीती फार कमी, पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ होते ती ओसरते, पण बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही म्हणून पोट साफ व्हायचं औषध मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून. हे शेवटचं कोणी सांगत नाही आणि मग पेशंट पोटामुळेच हैराण होतो. जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्यापायऱ्यांनी औषधं द्यायची पद्धत १९८६ मध्येच सांगितली होती, म्हणजे हे काही नवं ज्ञान नाही. आपल्याकडे अडचण औषध मिळण्याची होती. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायचं तर लायसन्सचा ढीग जमवावा लागायचा, २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थेला ते सोपं झालं, तरी अजून कित्येक हॉस्पिटलं मॉर्फिन ठेवतच नाहीत. आमच्या आधीच्या हॉस्पिटलातही नव्हतं. म्हणजे मावशीने नऊ आकड्याची कळ जी सोसली ती आजाराने जितकी सोसायला लावली त्याच्यापेक्षा जास्त सोसली, हे मला अजूनही पचत नाही.

मॉर्फिनने नवाचे चार झाले. मग मॅडमनी हॉस्पिटलात पाठवून पोटामागच्या नसांच्या जाळ्यात एक इंजेक्शन करवून घेतलं, सिलिअॅक प्लेक्सस ब्लॉक म्हणतात त्याला, स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये त्याचा चांगला उपयोग होतो. त्यानंतर मावशी आडवी झोपली. सलग झोपली. घरातल्या सगळ्यांना वाटलं आता ती मरणाचं बोलायची थांबेल.

नाही थांबली. एका सकाळी मॅडम आल्या तर ती त्यांना म्हणाली, "तुम्ही दुखणं थांबवलंत, उपकार झाले, आता एक इंजेक्शन द्या आणि मोकळं करा मला."

इथे या सेवेतला सगळ्यात मोलाचा भाग येतो आणि माझे चारही तारे खरं तर याचेच आहेत. मॅडम दचकल्या नाहीत, विषय बदलला नाही, असं बोलू नये असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की ते मी करू शकत नाही, कायद्यानेही नाही आणि करणारही नाही, पण आज असं का वाटतंय ते मला सांगाल का. आणि मग जवळजवळ तासभर बसल्या. मावशी बोलली ते सगळं मी दारात उभी राहून ऐकलं. कमोडवर बसवायला भाचा लागतो याची लाज. शेवटी गुदमरून मरणार ही भीती, कारण तिने तिच्या वडलांना तसं बघितलं होतं. माझी नोकरी तिच्यामुळे जाईल ही काळजी. तिच्या नावावरच्या खोलीचं काय होणार. आणि एक गोष्ट जी तिने आम्हाला कधीच सांगितली नव्हती, की वाचता येत नाही आता, डोळे ओळीवर टिकत नाहीत, आणि वाचायचं नसेल तर दिवसाचं करायचं काय.

यातल्या बऱ्याच गोष्टींना उपाय होता! मदतीला बाई ठेवली, भाच्याला त्या कामातून मोकळं केलं. गुदमरण्याबद्दल मॅडमनी नीट सांगितलं की तुमच्या आजारात तसं होण्याची शक्यता कमी आहे, आणि झालंच तर धाप कमी करायलाही मॉर्फिनच थोड्या डोसमध्ये वापरतात, जोडीला घाबरं होऊ नये म्हणून औषध असतं, ते आम्ही घरात आधीच ठेवून देऊ. खोलीचे कागद सोशल वर्करने दुसऱ्याच आठवड्यात मार्गी लावले. माझ्या नोकरीचं मी स्वतः तिला ऑफिसचं रजेचं पत्र दाखवलं. वाचनाला मात्र उपाय नव्हता. ऐकायची पुस्तकं लावून दिली तर म्हणाली दुसऱ्याच्या वेगाने मला पुस्तक नको. आणि मला ते पटलं, त्यावर कुठल्याही डॉक्टरकडे औषध नाही.

सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारी संस्था, सुरू केलं, आधुनिक पॅलिएटिव्ह केअरची सुरुवात तिथून मानतात. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. त्यांचं म्हणणं होतं की मरणाच्या वाटेवरच्या माणसाची वेदना एकच असते, शरीराची, मनाची, नात्यांची आणि जगण्याच्या अर्थाची मिळून एक, तिचा एक तुकडा बरा करून भागत नाही. आमच्या घरात हे डोळ्यांसमोर दिसलं. त्या स्वतः इच्छामरणाच्या कायद्याच्या पक्क्या विरोधात होत्या, आणि आजही या क्षेत्रातले पुष्कळ डॉक्टर विरोधात आहेत. त्यांचं म्हणणं असतं की चांगली काळजी मिळाली की मरण मागणारे थांबतात.

मला वाटतं हे अर्धं खरं आहे. बरेच जण थांबतात. सगळे थांबत नाहीत. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९९४ ला लोकांच्या मतदानाने कायदा मंजूर झाला आणि १९९७ पासून तो लागू आहे. सहा महिन्यांच्या आत मृत्यू अपेक्षित असलेल्या प्रौढ माणसाला, दोन डॉक्टरांनी तपासल्यावर, औषध लिहून मिळतं आणि ते त्याने स्वतः घ्यायचं असतं. तिथे दरवर्षी अहवाल निघतो, त्यात लोकांनी सांगितलेली कारणं असतात. आणि वर्षानुवर्षं वरच्या नंबरवर वेदना नाहीच. वर असतं स्वतःच्या आयुष्यावरचा ताबा जाणं, ज्यात आनंद होता त्या गोष्टी करता न येणं, मान राहिला नाही असं वाटणं. वेदना किंवा वेदनेची भीती बरीच खाली. शिवाय यातले बहुतेक लोक आधीपासून हॉस्पिसच्या सेवेत असतात. म्हणजे काळजी मिळत नाही म्हणून ते मरण मागतायत असं सरसकट म्हणता येत नाही. मावशीचं वाचन मला त्या यादीतच दिसतं. आणि त्याच अहवालांतलं दुसरं, औषध लिहून मिळालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक ते घेतच नाहीत. काहींना त्याआधीच मरण येतं, काहींना औषध हाताशी आहे एवढंच पुरतं. माझ्या मते कायद्याच्या बाजूने याच्यापेक्षा मोठा मुद्दा नाही. दार आहे हे माहीत असलं की खोलीत थांबता येतं, असं खूप लोकांच्या बाबतीत होत असावं.

विरोधातले मुद्दे पण मी हलके धरत नाही, आणि ते मावशीच्या काळजीच्या दहा आकड्यामुळेच. तिच्या यादीत माझी नोकरी होती ना! म्हणजे ती माझ्यासाठी मरायला तयार होती. मी रजेचं पत्र दाखवलं म्हणून तो मुद्दा मिटला, पण जिथे रजा मिळत नाही, मदतीला बाई परवडत नाही, आणि घरातले लोक तोंडाने नाही पण चेहऱ्याने कंटाळा दाखवतात, तिथे मरणाची मागणी पेशंटची आहे की घराची, हे दोन डॉक्टर दोन सह्यांमध्ये कसं ओळखणार? अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटना कित्येक देशांत या कायद्याला विरोध करतात तो याच भीतीने. कॅनडाने २०१६ मध्ये कायदा केला तेव्हा मृत्यू नजीक असण्याची अट होती, २०२१ मध्ये ती अट काढली, म्हणजे मरण जवळ नसलेले पण असह्य त्रास असलेले लोकही त्यात आले, आणि नुसत्या मानसिक आजारासाठी परवानगी द्यायची की नाही हे तर पुन्हा पुन्हा पुढे ढकललं गेलं. एकदा कुंपण घातलं की ते हलतं, या भीतीला कॅनडाने कारण दिलं हे मान्य करायला हवं. पण ओरेगनमध्ये सहा महिन्यांची अट इतक्या वर्षांनंतरही तशीच आहे, हेही तितकंच खरं. म्हणजे कुंपण हलायलाच पाहिजे असा काही नियम नाही, ते कोण आणि कसं राखतं त्याच्यावर आहे.

सहा महिन्यांच्या अटीबद्दल एक सांगते. मावशीला हॉस्पिटलने तीन महिने सांगितले होते, ती त्याच्यापेक्षा बरीच जास्त जगली. कॅन्सरमध्ये तरी अंदाज थोडा जमतो, हार्ट फेल्युअर किंवा फुफ्फुसाच्या आजारात तर डॉक्टर स्वतःच सांगतात की आम्हाला नाही सांगता येत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१७ मध्ये कायदा केला तेव्हा मज्जासंस्थेच्या आजारांसाठी बारा महिन्यांची मुदत ठेवली आणि बाकीच्यांसाठी सहा, कारण मोटर न्यूरॉनचा पेशंट सहा महिन्यांवर येईपर्यंत त्याला बोलता, गिळता येईल की नाही याचीच खात्री नसते. कायदा लिहिणाऱ्यांनी पेशंट जवळून बघितलेत की नाही हे अशा बारीक गोष्टींत कळतं. नेदरलँड्समध्ये २००२ पासून लागू असलेल्या कायद्यात तर महिन्यांची मुदतच नाही, तिथे त्रास असह्य आहे का आणि सुधारणेची आशा आहे का हे बघतात. न्यूझीलंडमध्ये २०२० ला सार्वमत घेतलं, ६५ टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं आणि २०२१ च्या नोव्हेंबरपासून कायदा लागू झाला. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये २०२४ च्या नोव्हेंबरात विधेयकाला ३३० विरुद्ध २७५ मतं पडली, आणि पुढच्या जूनमध्ये शेवटच्या मतदानाला ३१४ विरुद्ध २९१, म्हणजे चर्चा जसजशी खोल गेली तसतसं अंतर कमी झालं. त्या चर्चेत सारखा एकच प्रश्न येत होता, की पॅलिएटिव्ह केअर सगळ्यांना मिळत नसताना मरणाचा पर्याय द्यायचा का.

मला याचं उत्तर बेल्जियममध्ये दिसतं. तिथे २००२ या एकाच वर्षी तीन कायदे झाले, इच्छामरणाचा, पॅलिएटिव्ह केअरचा आणि पेशंटच्या हक्कांचा. तिथली सगळी अंमलबजावणी मला पटते असं नाही, पण तिन्ही गोष्टी बरोबर आणायच्या ही कल्पना मला पूर्ण पटते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते आणि त्यातल्या फक्त १४ टक्के लोकांना ती मिळते. हा आकडा असताना नुसता मरणाचा कायदा आणला तर ज्याला मॉर्फिन मिळालं नाही तो नऊ आकड्याच्या कळेत सही करेल, आणि तिला आपण त्याची इच्छा म्हणू. ते मला मान्य नाही. मावशीची इच्छा मला तेव्हा समजली जेव्हा तिचं दुखणं चारवर आलं, त्याच्या आधी जे बोलत होती ते कळ बोलत होती. पण दुखणं चारवर आल्यावर, सगळं ऐकून घेतल्यावर, सगळी सोय झाल्यावरही एखादी बाई शांतपणे म्हणते की मला पुरे झालं, तेव्हा तिला नाही म्हणायचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो, हेही मला कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आपल्याकडचा कायदा सध्या इथवर आहे: डॉक्टरने मरणाचं औषध देणं किंवा इंजेक्शन देणं गुन्हा आहे, पण निरर्थक झालेले उपचार थांबवता येतात. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग यांना मरण येऊ द्यावं असा अर्ज त्यांच्यासाठी केला होता, २०११ साली सुप्रीम कोर्टाने तो नाकारला, पण उपचार थांबवण्याचं तत्त्व मान्य केलं. १९७३ च्या हल्ल्यानंतर केईएमच्या नर्सनी त्यांना २०१५ पर्यंत सांभाळलं आणि अर्जाला विरोध करणाऱ्याही त्याच होत्या, हे दोन्ही लक्षात ठेवण्यासारखं आहे. मग ९ मार्च २०१८ च्या निकालात लिव्हिंग विल मान्य झालं, म्हणजे पुढे मला बोलता येईनासं झालं तर व्हेंटिलेटर, नळ्या वगैरे काय नको हे आधीच लिहून ठेवायचं. तेव्हा त्यासाठी मॅजिस्ट्रेटची सही लागायची, म्हणून फारसं कोणी केलंच नाही. जानेवारी २०२३ मध्ये कोर्टाने ते सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, आणि वेळ आली की हॉस्पिटलात तीन तीन डॉक्टरांची दोन मंडळं बघतात, दोघांनाही शक्यतो ४८ तासांत मत द्यायला सांगितलंय.

मावशीचं लिव्हिंग विल आम्ही केलं, आणि इथे सेवेबद्दलची माझी पहिली तक्रार. त्यांनी हा विषय स्वतःहून काढला नाही. मी विचारल्यावर सोशल वर्करनी जुन्या नियमांची माहिती दिली, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागेल म्हणाल्या, नवीन आदेश मी शोधून दाखवला. ज्यांचं कामच शेवटच्या दिवसांचं आहे त्यांना हे तोंडपाठ हवं, आणि पहिल्या दोनतीन भेटींतच हा कागद पुढे ठेवायला हवा, कारण पेशंटला बोलता येतंय, सही करता येतेय तोपर्यंतच त्याचा उपयोग आहे.

दुसरी तक्रार समुपदेशकाची. मॅडम जितक्या चांगल्या तितकेच हे गृहस्थ निराशाजनक. मावशीने त्यांच्यापुढे मरणाचं काढलं तर म्हणाले, बाई तुम्ही एवढ्या शिकलेल्या, असे विचार करायचे नसतात, पॉझिटिव्ह राहा. मावशी त्यांच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. दार बंद झालं ते झालं. मी फोन करून सांगितलं तेव्हा संस्थेने त्यांना पाठवणं थांबवलं, पण दुसरा माणूस दिला नाही. मरण मागणाऱ्या माणसाला गप्प करणं हे इच्छामरणाला विरोध करणं नव्हे, ते फक्त त्याला एकटं टाकणं आहे, आणि हे एका समुपदेशकाला कळत नसेल तर कोणाला कळणार?

तिसरी, रात्रीचा फोन. चोवीस तास असं सांगितलं होतं, रात्री फोन उचलला जायचा हे खरं, पण उचलणाऱ्याकडे पेशंटची माहिती नसायची. दरवेळी नाव, आजार, डोस सगळं पहिल्यापासून सांगायचं, तेही समोर माणूस तळमळत असताना. वही घरात, फाइल ऑफिसात आणि फोनवरचा माणूस तिसरीकडे. हे सुधारणं अवघड नाही.

सिस्टर मात्र फार चांगल्या. तोंड कोरडं पडल्यावर ओल्या कापसाने ओठ कसे पुसायचे, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची की पाठीला जखम होणार नाही, चादर न ओढता माणूस कसा सरकवायचा, हे सगळं त्यांनी मला हात धरून शिकवलं. मावशी खायची थांबली तेव्हा घरात सगळे कासावीस झाले, मामा सलाइन लावा म्हणून मागे लागला. त्यांनी सांगितलं की शेवटाकडे शरीरच अन्न मागेनासं होतं, भूक मारून ती मरत नाहीये, मरतेय म्हणून भूक गेलीये, आणि आता सलाइनने बहुतेक सूज आणि कफच वाढेल. घशातली घरघर कशी येते, श्वास मधे थांबून परत कसा सुरू होतो, हातपाय कधी गार पडतात, हे सगळं आधी सांगून ठेवलं होतं, औषधांची छोटी पेटी घरात होती, प्रत्येक पुडीवर मराठीत लिहिलेलं होतं की कशासाठी आणि किती. आम्ही त्यामुळे शेवटी हॉस्पिटलकडे पळालो नाही. आणखी एक विचारून ठेवलं होतं, की काहीच औषधाने आवरणार नाही असा त्रास झाला तर काय, तर मॅडम म्हणाल्या मग मोजून गुंगीचं औषध देऊ, जाणीव कमी करायला, जीव घ्यायला नाही. तशी वेळ आली नाही. पण हे आहे, असं मावशीला सांगितल्यावर तिची तगमग कितीतरी कमी झाली, आणि ओरेगनच्या त्या न घेतलेल्या औषधांचा अर्थ मला तेव्हा लागला.

मरण मागणं तिने शेवटपर्यंत पूर्ण सोडलं नव्हतं. कमी केलं होतं. त्यामुळे कोणी मला म्हणालं की चांगली सेवा मिळाली तर कायद्याची गरजच नाही, तर मी नाही म्हणते, आणि कोणी म्हणालं की कायदा आला की प्रश्न सुटला, तर त्यालाही नाहीच म्हणते. कायदा हवा, असाध्य आणि शेवटच्या टप्प्यातल्या आजारापुरता, पेशंटने स्वतः आणि वेळ देऊन पुन्हा मागितलेलं असेल तरच, औषध त्याने स्वतः घ्यायचं, आणि त्याच्या आधी पॅलिएटिव्ह केअरची टीम त्याच्या घरी येऊन बसलेली असली पाहिजे, नुसती कागदावर नाही. जिथे ती टीम पोचू शकत नाही तिथे आधी ती पोचवा. माझं मत हे असं आहे आणि पटणार नाही त्यांनी जरूर वाद घालावा.

पाचवा तारा कापलाय तो समुपदेशक आणि रात्रीचा फोन यासाठी. मावशी गेल्यावर संस्थेकडून एक फोन आला, महिन्याभराने परत करतो म्हणाले होते तो आला नाही, तेही त्यातच धरा. मॅडम आणि सिस्टर यांना वेगळे तारे द्यायची सोय असती तर पाचच्या पाच दिले असते.

कोणी अशी सेवा शोधत असेल तर ठरवण्याआधी फोनवरच विचारून घ्या. मॉर्फिन तुमच्याकडे मिळतं का की दुसरीकडून आणावं लागेल, रात्री फोन उचलणाऱ्यासमोर पेशंटची फाइल असते का, डॉक्टर स्वतः किती दिवसांनी येतात की फक्त नर्स येणार, लिव्हिंग विल करायला मदत करता का आणि २०२३ चे नियम माहीत आहेत का. आणि पेशंट मरण मागायला लागला तर तुमची माणसं काय करतात हे नक्की विचारा, उत्तर द्यायला कोणी अडखळलं तर दुसरी संस्था बघा.